चक्क्याचं पाणी

18 डिसेंबर हा कतारचा राष्ट्रीय दिन. दोह्यात सुट्टी असते, हवा गार असते, म्हणून आमचा मराठी कंपू त्याच दिवशी जमतो. प्रत्येकीनं एकेक पदार्थ आणायचा. यादी वर्षानुवर्षं तीच: बटाटेवडे, साबुदाणावडे, कोथिंबीरवडी, आणि कुणीतरी ‘काहीतरी हलकं’ म्हणून समोसे. 2022 साली याच दिवशी लुसैलला फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना होता. जादा वेळ संपेपर्यंत दोन पराती वडे फस्त झाले आणि पेनल्ट्या सुरू झाल्या तेव्हा अर्धी मंडळी जेलुसिल शोधत होती.

यंदा तळणीला हात लावायचा नाही, असं मी ठरवलं. निमित्त माझं मनगट. उन्हाळ्यात पार्किंगच्या उतारावर पाय घसरला, हातावर पडले आणि सहा आठवडे प्लास्टरमध्ये काढले. डॉक्टरांनी हाडांची घनता तपासायला लावली आणि रिपोर्ट बघून विचारलं, “उन्हात जाता का?” दोह्यात हा प्रश्न! इथलं ऊन आपल्या वाट्याला येतं ते गाडीपासून दुकानाच्या दारापर्यंत, आणि तेवढंही आपण पळत पार करतो. ड जीवनसत्त्वच नाही, तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी कसं लागणार? गोळ्या सुरू झाल्या. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, अशी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2020 ची शिफारस आहे. ती वाचल्यापासून मी ताटातल्या प्रत्येक पदार्थाकडे सावकारासारखी बघायला लागले.

नाचणी आपली घरचीच. 100 ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. तिच्या छोट्या चकत्या भाजायच्या हे ठरलं. वर काय घालायचं, ते समोरच्या फ्लॅटमधल्या, पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुसच्या बाईंनी सुचवलं: लबने. दह्यात मीठ कालवून त्यांनी ते फडक्यात बांधलं आणि पुरचुंडी नळाला टांगली. मी बघतच राहिले. अहो, हा तर आपला चक्का! आपण त्यात साखर-वेलची घालतो, त्या ऑलिव्हचं तेल ओततात, एवढाच काय तो फरक. वीस वर्षं मी लबनेच्या डब्यांसमोरून ट्रॉली ढकलत नेत होते.

दही इथलंच, अल खोरच्या बलदना डेअरीचं. 2017 च्या जूनमध्ये शेजारी देशांनी नाकेबंदी केली तेव्हा सौदीहून येणारं दूध एका दिवसात थांबलं. मग कपाटांत तुर्की अक्षरांचे दुधाचे डबे आले आणि पुढच्याच महिन्यात चक्क विमानानं गाई आल्या. तेव्हापासून इथलं दही विरजलं की मला उगाच त्या गाईंचं कौतुक वाटतं.

एक किलो दही रात्रभर टांगलं, थोडं बिनमिठाचं आणि बाकीचं मीठ कालवून. सकाळी खालच्या पातेल्यात हिरवट पिवळं पाणी साचलेलं. एरवी मी ते सरळ ओतून दिलं असतं. पण दही आंबतं तसं दुधातलं बरंच कॅल्शियम सुटं होऊन पाण्यात उतरतं, आणि चक्का बांधला की त्या पाण्याबरोबर निघून जातं. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप, तेच मोरीत! मी त्याच पाण्यात उकड काढायची ठरवली.

जेवढं पीठ तेवढंच पाणी, चमचाभर तेल. पाणी उकळलं तसे त्यात पांढरे बारीक कण फिरायला लागले. पीठ घातलं, झाकण ठेवलं, गरम असतानाच मळलं. नाचणीला चिकटपणा नाही, कोरडं लाटायला जावं तर कडा फाटतात; उकडीनं ती ऐकते. प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये पातळ लाटून बाटलीच्या झाकणानं चकत्या पाडल्या, काट्यानं टोचल्या, वर तीळ दाबले. तीळ मुद्दाम बिनपॉलिशचे, कारण कॅल्शियमचा मोठा वाटा सालात असतो. त्यातलं सगळंच अंगी लागत नाही हेही खरं, पण पॉलिश केलेल्या तिळापेक्षा बरं. 170 अंशांवर वीसेक मिनिटं भाजल्यावर चकत्या कडकडीत झाल्या.

आणि खारट! पाण्यात दह्याचं मीठ उतरलेलंच होतं, वर मी सवयीनं उकडीतही घातलं होतं. तो घाणा नवऱ्यानं चहाबरोबर निमूटपणे संपवला. त्याला रक्तदाब आहे, म्हणून मला जरा अपराधीही वाटलं. दुसऱ्या घाण्यात मिठाला शिवले नाही.

चकत्या, लबने आणि बारीक चिरलेली काकडी वेगवेगळ्या डब्यांतून नेली. आधी लावून ठेवलं तर पाणी सुटून चकती मऊ पडते. तिथे पोचल्यावर प्रत्येक चकतीवर चमचाभर लबने, काकडी, किंचित मिरचीचा ठेचा आणि झातर या अरबी मसाल्याची चिमूट. वडे आधी संपले, ते संपणारच होते. पण चाळीसातल्या चारच चकत्या उरल्या, आणि त्याही एका काकांनी रुमालात बांधून नेल्या.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या चक्क्याचं, म्हणजे बिनमिठाच्या भागाचं, केशर घालून श्रीखंड केलं आणि वाटीभर समोर दिलं. बाईंनी एक चमचा चाखला, डोळे मिटले, म्हणाल्या, “खूप छान.” मग वाटी खाली ठेवून हळूच विचारलं, “पण हबीबती, लबनेत साखर पडली कशी?”