पिठाची विरी

गिरणीचा इतिहास म्हणून लोक बहुधा ताकदीचाच इतिहास सांगतात: आधी बाईचा हात, मग पाणी, मग डिझेल, मग वीज. दळणाच्या धंद्यातल्या माणसाला हा क्रम अपुरा वाटतो. गिरणी कुठे उभी राहणार आणि किती टिकणार, हे आमच्याकडे धान्यानं ठरवलं. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नाही. ताज्या पिठाला विरी असते, तिच्या जोरावर भाकरी थापली जाते; पीठ जुनं झालं की कडा फाटतात, मग आधण कितीही कडक घ्या. बाजरीच्या दाण्यात तेल जास्त, म्हणून तिचं पीठ थोड्याच दिवसांत कडवट होतं. भाकरीच्या मुलखात दळण थोडं थोडं आणि घराजवळच करावं लागतं. घरोघरी जातं होतं ते यासाठी, आणि भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादसारख्या गावात गिरणी आली तीही जात्याचा हाच नेम पाळत.

कोणी औरंगाबादची पाणचक्की पुढे करील. हरसूलच्या बाजूनं जमिनीखालच्या नहरीतून आणलेल्या पाण्यावर अठराव्या शतकात तिथं जातं फिरत होतं, मग खेड्यांनी ते का उचललं नाही? नद्या उन्हाळ्यात आटतात, हे एक उत्तर आहेच. हिमालयातल्या घराटांना, म्हणजे तिथल्या पाणचक्क्यांना, मात्र बारमाही ओढे मिळतात. पण पाणचक्की बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यातल्या फकीर-प्रवाशांसाठी दळत होती, म्हणजे एका मोठ्या मुदपाकखान्यासाठी. खेड्यातली चूल तशी नसते. चार पायल्यांचं दळण घेऊन येणाऱ्या शंभर घरांना पुरं पडणारं यंत्र हवं होतं, आणि ते पट्ट्यावर फिरणाऱ्या चक्कीला ऑइल इंजिन जोडल्यावर मिळालं.

गिरणीवरचा भारी आक्षेप वर्ध्याचा. 1934 मध्ये तिथं स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघानं हातदळणाची बाजू घेतली: यंत्रानं पिठाचा कस जातो आणि गावाचं काम जातं. कस जातो तो मैद्याच्या रोलर गिरणीत, जिथं कोंडा आणि अंकुर वेगळे काढतात. गावच्या चक्कीत जेवढं टाकलं तेवढं सगळं खाली येतं. दगड फार आवळले तर पीठ तापतं हे खरं, पण तो दळणाऱ्याचा दोष. कामाबद्दल बोलायचं, तर ते काम पहाटे उठणाऱ्या बाईचं होतं आणि त्याला मजुरी नव्हती. जात्यावरच्या ओव्या गेल्या याची हळहळ मलाही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन या अभ्यासकांच्या पुढाकारानं लाखावर ओव्या नोंदल्या गेल्या, हे थोर काम. पण त्या ओव्यांत कष्टांचं गाऱ्हाणं किती आहे हे वाचणाऱ्यानं जातं परत मांडा म्हणू नये.

गिरणीला धोका आहे तो दुसरीकडून. रेशनवर गहू आला, चपाती रोजची झाली, आणि गव्हाचं पीठ पिशवीत टिकतं. ते कुठंही दळून कुठंही विकता येतं. इकडे शिवारात मका, सोयाबीन, कापूस वाढले, ज्वारीचा पेरा आक्रसला. चक्की फिरतेच आहे, पण आता तिच्यात मक्याचा भरडा निघतो, आणि तो जातो जनावरांच्या दावणीत.