पगारपत्रक दाखवा, मग पत्रिका छापू

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मुलाशी लग्न लागलं, अक्षता पडल्या, की मुलगी विमानात बसायला मोकळी, असं आपल्याकडे अजूनही पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात लग्न ही त्या अर्जातली एक अट, आणि तीच सगळ्यांत सोपी. नवऱ्याचं वर्षाचं उत्पन्न किमान 29,000 पौंड हवं. मुलीला प्राथमिक इंग्रजी बोलता-समजता येतं याचा दाखला हवा, क्षयरोग नसल्याचं प्रमाणपत्र हवं, राहायला पुरेशी जागा हवी. दोघं एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेले हवेत आणि संसार खरा आहे, याचा पुरावाही हवा. माझ्या भाचीने हे सगळं 2025 साली छत्रपती संभाजीनगरात बसून जमवलं. मी बँकेतून निवृत्त झालेला मामा, म्हणून कागद लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं. एरवी ही हकिगत तिचीच आहे.

ती एम. फार्म. झालेली. राहायला गारखेड्यात, नोकरी वाळूजच्या एका औषध कंपनीत, गुणवत्ता विभागात. औषधांच्या कारखान्यात नोंद नसलेलं काम झालेलं धरतच नाहीत, ही शिस्त तिच्या अंगात मुरलेली. मुलगा मूळचा परभणीकडचा, मँचेस्टरला संगणक क्षेत्रात, तिथे कायम राहण्याची परवानगी मिळालेला. स्थळ नात्यातून आलं होतं. पाहण्याचा कार्यक्रम झाला, पत्रिका जुळली, दोघं दोनदा बाहेर भेटून आली. पुढची बोलणी व्हिडिओ कॉलवर होती. कार्यालय कुठलं, माणसं किती, असं चाललेलं असताना भाचीने मधेच विचारलं, "गेल्या काही महिन्यांची पगारपत्रकं पाठवाल का?"

आजीने कपाळाला हात लावला. पलीकडून मुलाचे काका म्हणाले, "म्हणजे आमच्यावर विश्वास नाही का?"

"विश्वास आहे, काका. पण कागद मला नाही, त्यांच्या सरकारला दाखवायचाय."

मुलगा मात्र हसला. त्याच रात्री पगारपत्रकं आली, आणि त्यांवरूनच पुढचं वेळापत्रक ठरलं. त्याचा पगार नुकता डिसेंबरात वाढून 29,000च्या वर गेला होता. पण नियम असा की, एकाच मालकाकडे नोकरी असेल तर अर्जाआधीच्या सहा महिन्यांची पगारपत्रकं द्यायची, आणि त्यांतला सर्वांत कमी पगार हिशेबात धरायचा. म्हणजे फेब्रुवारीत लग्न झालं तरी मे महिन्याचा पगार हाती येईपर्यंत अर्ज करण्यात अर्थ नव्हता. हे आधी कळलं म्हणून बरं. लग्नानंतर लगेच अर्ज केला असता, तर जुन्या पगारावर तो अडला असता.

ही उत्पन्नाची अट जुलै 2012मध्ये आली. तेव्हा आकडा 18,600 पौंड होता. तिच्याविरुद्ध काही कुटुंबं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. 2017 साली न्यायालयाने नियमातल्या काही त्रुटींवर, विशेषतः मुलांच्या हिताचा विचार अपुरा असल्यावर बोट ठेवलं, पण अट मुळात बेकायदा ठरवली नाही. 11 एप्रिल 2024 रोजी आकडा एकदम 29,000 झाला. उत्पन्न नसेल तर शिल्लक चालते, पण ती 88,500 पौंड हवी आणि किमान सहा महिने खात्यात असायला हवी. रुपयांत मोजली तर ही रक्कम कोटीच्या घरात जाते.

भाचीला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. तिचा स्वतःचा पगार या हिशेबात शून्य. भारतात बसून अर्ज करणाऱ्या बायकोची नोकरी तिथे धरतच नाहीत. "सात वर्षांचा अनुभव आहे माझा," ती म्हणाली, "आणि फॉर्ममध्ये मी फक्त खाणारं तोंड!"

लग्न फेब्रुवारीत झालं, ते वऱ्हाडी थाटात. पण घाई होती ती नोंदणीची. महाराष्ट्रात 1998च्या कायद्यानुसार विवाहनोंदणी होते. 'नमुना ड'मधलं ज्ञापन भरायचं, त्यावर 100 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, तीन साक्षीदार आणायचे, लग्न लावणाऱ्या भटजींची सही घ्यायची. मुदत 90 दिवसांची असली तरी नवराबायको दोघांनी निबंधकासमोर हजर राहावं लागतं, आणि नवऱ्याची रजा काही 90 दिवसांची नसते. सत्यनारायण आटोपला, हळद उतरायच्या आत दोघं महापालिकेच्या कार्यालयात रांगेत उभी होती. पूजेच्या गडबडीत भटजींचं आधार कार्ड मागायला आम्ही विसरलो नव्हतो, एवढं सांगतो. त्यावाचून कित्येकांचे फॉर्म परत जातात.

प्रमाणपत्र आलं आणि नवा पेच सुरू झाला. त्यावर गावाचं नाव छत्रपती संभाजीनगर. पासपोर्टवर जन्मस्थळ औरंगाबाद. जन्मदाखला औरंगाबाद महानगरपालिकेचा. केंद्राने शहराच्या नामांतराला 24 फेब्रुवारी 2023 रोजी मान्यता दिली. जिल्हा, तालुका आणि विभागाच्या नावाची अधिसूचना त्याच वर्षी सप्टेंबरात निघाली. मे 2024मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्णय वैध ठरवला. रेल्वे स्थानकाचं नाव तर थेट ऑक्टोबर 2025मध्ये बदललं. गावातल्या माणसाला ही दोन्ही नावं पाठ. पण परदेशात टेबलावर फाइल उघडणाऱ्याला ही मुलगी एका शहरात जन्मली आणि दुसऱ्या शहरात लग्न झालं, एवढंच दिसणार.

माणसाच्या नावाचा घोळ त्याहून मोठा. आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या. लग्नपत्रिकेवर ती चि. सौ. कां. आणि वडिलांची कन्या. लग्नानंतर सासरच्यांना आधार, पॅन, बँक खातं सगळीकडे नवं नाव हवं होतं. भाचीने नम्रपणे सांगितलं, "आधी व्हिसा, मग नाव." पासपोर्टवरचं माहेरचं नाव अर्जात जसंच्या तसं ठेवलं. नाव न बदलताही विवाहित बाईचा पासपोर्ट चालतो, हे आपल्याकडे अजून अनेकांना सांगावं लागतं. शहराच्या नावासाठी आम्ही एका पानाचं पत्र लिहिलं, सोबत राजपत्रातली अधिसूचना जोडली. त्यावर पुढे कुणी काही विचारलं नाही.

इंग्रजीची परीक्षा हा विनोदी भाग. नोव्हेंबर 2010पासून जोडीदाराला ही अट आहे. पदवी इंग्रजी माध्यमातून घेतली असेल तर तिची पडताळणी करून सूट मिळते. पण त्यासाठी विद्यापीठाचं माध्यमाचं पत्र, मग ब्रिटनमधल्या संस्थेकडून खातरजमा, असं लांबण लागतं. भाचीने सरळ आयईएलटीएस लाइफ स्किल्सची ए-वन पातळीची परीक्षा दिली. फक्त ऐकणं आणि बोलणं, वेळ पाव तासापेक्षा थोडी जास्त, आणि समोर परीक्षकाबरोबर आणखी एक उमेदवार जोडीदार म्हणून. औषधांच्या स्थिरतेवर शोधनिबंध लिहिलेल्या मुलीला तिथे बाजारातून काय आणता, असं विचारलं. तिची जोडीदार पंजाबातली, पहिल्यांदाच घराबाहेर पडलेली, भीतीने घाम फुटलेला. भाची म्हणते, "मी परीक्षा माझ्यासाठी कमी आणि तिला धीर द्यायलाच जास्त दिली." गुण मिळतच नाहीत, फक्त पास किंवा नापास.

क्षयरोगाची तपासणी मात्र ठरलेल्या केंद्रातच करावी लागते. ब्रिटनच्या गृहखात्याने मान्यता दिलेल्या यादीतल्या दवाखान्याचा एक्स-रे हवा. मराठवाड्याचा मोठा आधार असलेल्या घाटी रुग्णालयातला चालत नाही. प्रमाणपत्र सहा महिने टिकतं, म्हणून ते फार आधीही काढायचं नाही. बोटांचे ठसे आणि फोटो पुण्याच्या अर्ज केंद्रात दिले. कागद सगळे घरूनच स्कॅन करून चढवले होते.

खरा कस लागला तो 'संसार खरा आहे' हे दाखवताना. आपल्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरानवरी दोघंच असलेले फोटो शोधावे लागतात. मामा, मावशी, आत्या, शेजारी, करवल्या, कुणी ना कुणी मधे असतंच. पुराव्यासाठी हेच उपयोगी पडलं, कारण दोन्ही घरची माणसं लग्नाला होती, हे त्यातून दिसतं. मुलाची विमानाची तिकिटं, साखरपुड्याची पावती, कार्यालयाचं बिल, महिन्याकाठी झालेल्या व्हिडिओ कॉलची यादी, त्याने तिच्या खात्यावर पाठवलेले पैसे, हे सगळं तारखेवार लावलं. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचं प्रमाणित भाषांतर लागतं. त्यामुळे आमच्या निमंत्रणपत्रिकेवरच्या झाडून सगळ्या काका-मामांची नावं दर पानाचे पैसे मोजून इंग्रजीत गेली.

एवढा संशय कशासाठी, म्हणून भाचीने इतिहास काढला. 1979च्या जानेवारीत लग्नासाठी हीथ्रो विमानतळावर उतरलेल्या एका भारतीय शिक्षिकेची 'कौमार्य तपासणी' झाली. 'गार्डियन'ने 1 फेब्रुवारीला ती बातमी छापली, दोन्ही देशांत गदारोळ उठला आणि ती पद्धत बंद झाली. पुढे 1980च्या दशकात वेगळीच अट जाचू लागली. लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणं हा नाही, हे अर्जदारानेच सिद्ध करायचं. ठरवून केलेल्या लग्नांना तिचा सर्वाधिक फटका बसला. बायकांना नवरे आणू देत नाहीत, पण नवऱ्यांना बायका आणू देतात, या भेदावर तीन स्त्रिया स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात गेल्या. 28 मे 1985 रोजी त्या जिंकल्या. त्यावर ब्रिटनने काय करावं? स्त्रियांची अट सैल करायचं सोडून पुरुषांनाही तीच कडक अट लावली. मुख्य हेतूचा हा नियम 1997मध्ये नव्या सरकारने रद्द केला. आज विचारतात ते पैशांबद्दल.

आणि पैसे लागतातही. आमच्या वेळी अर्जाचं शुल्क 1,938 पौंड होतं. त्यांच्या सरकारी आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला 1,035 पौंड. पहिली परवानगी 33 महिन्यांची, म्हणून तीन वर्षांचा धरून 3,105. दोन्ही मिळून 5,043 पौंड, आपले साडेपाच-सहा लाख. अर्ज नाकारला गेला तर आरोग्याचा अधिभार परत मिळतो, शुल्क मिळत नाही. पाच वर्षांनी कायम वास्तव्यासाठी अर्ज करायचा, तोवर मधे आणखी एकदा मुदतवाढ, आणि तेव्हाचे पैसे वेगळे. मुलाच्या वडिलांना हा आकडा लग्नाच्या बोलणीतच सांगितला होता, त्यामुळे पुढे कुणी कुणाला टोमणा मारला नाही.

जूनमध्ये अर्ज गेला. श्रावणात पहिली मंगळागौर झाली ती माहेरीच. झिम्मा खेळायला आलेल्या बायका खालच्या आवाजात विचारायच्या, "अजून इथेच का गं?" ताईला ते लागायचं. भाची मात्र कंपनीची बस धरून रोज वाळूजला जात राहिली. नोकरीचा राजीनामा तिने निकाल येईपर्यंत दिला नाही, आणि हा तिचा सगळ्यांत शहाणा निर्णय होता. परवानगी नवरात्रात आली. जावईबापू दिवाळसणाला आले, अभ्यंगस्नान झालं, पाडव्याची ओवाळणी झाली, आणि आठवड्याभराने दोघं मुंबईहून एकाच विमानाने गेली.

ज्यांच्या घरात असं स्थळ आलं आहे, त्यांना एक सांगायचं आहे. पासपोर्टवर मिळालेला शिक्का फक्त 90 दिवसांच्या आत तिथे पोचण्यासाठी होता. उरलेली परवानगी ऑनलाइन खात्यात असते, आणि ते खातं ई-मेल आणि मोबाइल क्रमांकाला जोडलेलं असतं. अनेक घरांत अर्ज नवराच भरतो आणि सगळीकडे स्वतःचा ई-मेल टाकतो. मग मुलीला परदेशात आपण कायद्याने राहतो की नाही, हेही त्याला विचारून कळतं. भाचीने खातं स्वतःच्या ई-मेलवर उघडलं, परवलीचा शब्द स्वतःकडे ठेवला, कागदांचा एक संच गारखेड्यात ठेवला. नवऱ्याने हरकत घेतली नाही. घेतली असती तर तेही आधी कळलं असतं.

आणखी एक नियम माहीत असावा. जोडीदाराच्या व्हिसावर गेलेल्या स्त्रीला नवऱ्याच्या छळामुळे घर सोडावं लागलं, तर तिचा तिथला हक्क आपोआप संपत नाही. नवऱ्यावर अवलंबून न राहता तिला थेट कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो, आणि तोवर तग धरायला तीन महिन्यांची तात्पुरती सवलत मागता येते. भारतात राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीयांसाठीचा कक्ष 2009पासून अशा तक्रारी घेतो. मुलीच्या बॅगेत लाडू-चिवड्याबरोबर ही माहिती लिहिलेला एक कागदही द्या, आणि अर्जातला ई-मेल तिचाच आहे ना, एवढं तिला निघण्यापूर्वी विचारा.