खंडेनवमीची बंदूक

कारेलीबागेतील आमच्या घरी खंडेनवमीस ज्या शस्त्रांची पूजा होते, त्यांत एक लांब, जड बंदूक आहे. ती खंडेराव महाराजांनी आमच्या खापरपणजोबांस बक्षीस दिली, ही कथा आम्ही भावंडांनी आजीकडून ऐकली आणि पुढे मुलांना सांगितली. नोकरीत काही वर्षे शस्त्रपरवान्यांची शाखा माझ्याकडे होती. तरी घरच्या बंदुकीकडे त्या नजरेने पाहण्याचे मला कधी सुचले नाही.

गेल्या वर्षी धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, हिची किंमत तरी काढून घेऊ." म्हणून भिंग घेऊन बसलो. घोड्यामागील लोखंडी दांडी खाली ओढली की आतला ठोकळा उतरून नळीचे तोंड उघडते. ही मार्टिनी-हेन्रीची खूण. उजव्या अंगास मुकुट, 'व्ही. आर.' ही राणीची अक्षरे, एनफील्ड कारखान्याचे नाव आणि साल १८८१. ब्रिटिश सैन्याने ही जात मुळात स्वीकारली १८७१ मध्ये. खंडेराव महाराज तर १८७० मध्येच निवर्तले होते!

पुढे आणखी एक ठसा दिसला : दोन बाणाग्रे, टोकास टोक भिडलेली. एकच बाण म्हणजे सरकारी माल. असे दोन समोरासमोर म्हणजे सरकारने तो विकून टाकलेला. बक्षीस कसले, कोणीतरी रोकड मोजून घेतलेली जुनी बंदूक ती.

किमतीचे म्हणाल, तर ती आम्हीच उतरवली. वडील दर खंडेनवमीस विटेच्या भुकटीने नळी लखलखीत करीत. संग्राहक पैसे मोजतो ते मूळच्या काळसर रंगाला, ठशांच्या रेखीव कडांना, न बदललेल्या दस्त्याला. आमच्या भक्तीने रंग गेला, मुकुटही झिजला.

पेटीच्या तळाशी दोन काडतुसे निघाली. पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली, मानेशी निमुळती, पुढे कागदात लपेटलेली शिशाची गोळी. ही बॉक्सर पद्धत. उन्हाळी मुलुखात असली काडतुसे तापल्या नळीत अडकत. १८८५ च्या सुदान मोहिमेत सैनिकांना याचा फार त्रास झाला. संग्राहकाला अशा एकेका काडतुसाचे अप्रूप. पण आमच्या परवान्यावर त्यांची नोंद नव्हती, आणि दारू जुनी झाली म्हणून कायद्याने ती निरुपद्रवी ठरत नाही. मी ती ठाण्यात जमा करून पावती घेतली. बंदुकीलाही कलम ४५ ची सूट नाही. ती सूट दुरुस्तीनेही न चालणाऱ्या शस्त्रास आहे. आमची थोड्या दुरुस्तीने चालेल.

नव्वदीतल्या काकूंना सांगावे की नाही, यात दोन महिने गेले. अखेर सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मग पैसे कुठून आणले रे त्यांनी?" याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. भावाने किमतीचा विषय पुन्हा काढला नाही.

यंदा विटेची भुकटी आणली नाही. कोरड्या फडक्याने पुसून, तेलाचा हलका हात फिरवून बंदूक पाटावर ठेवली. मुलांनी कथा विचारली, तेव्हा काकूच सांगू लागल्या. महाराजांचे नाव मात्र त्यांनी घेतले नाही.