नगर रस्ता आणि सीमेवरचे पेन्शनर

पुण्याहून वाघोलीला निघालं की मेट्रो रामवाडीपर्यंत साथ देते. मार्च 2024 पासून एवढी तरी सोय झाली. रामवाडीपासून वाघोली-विठ्ठलवाडीपर्यंतच्या टप्प्याला केंद्राने जून 2025 मध्ये मंजुरी दिली, पण मंजुरीत बसून जाता येत नाही. पुढे पीएमपीची बस धरायची आणि नगर रस्त्याची कोंडी सोसायची. विमाननगर, खराडी बायपास, उबाळेनगर असं सरकत जाताना खिडकीतून सतत दिसतात ती गृहसंकुलांची फाटकं. प्रत्येक फाटकाशी प्लास्टिकची खुर्ची, टेबलावर उभ्या रेघा मारलेलं रजिस्टर आणि दोरीने बांधलेलं पेन: नाव, फ्लॅट नंबर, मोबाईल, आल्याची वेळ, सही. मी या रस्त्याने निघालो ते एक प्रश्न घेऊन. सीमा सुरक्षा दलातून, म्हणजे बीएसएफमधून निवृत्त झालेला माणूस अशा एखाद्या संकुलात राहायला येतो, तेव्हा सरकारच्या लेखी तो नेमका कोण असतो? पहिलं उत्तर या फाटकांवरच मिळतं. खासगी सुरक्षा संस्थांच्या नियमनाचा 2005 चा कायदा सांगतो की, रक्षक नेमताना भूदल, नौदल, हवाई दल, संघराज्याची इतर सशस्त्र दलं, पोलीस आणि होमगार्ड यांत काम केलेल्यांना प्राधान्य देता येईल. म्हणजे फाटकावर उभं राहण्यापुरता सीमेवरचा जवान आणि लष्करातला जवान एकाच रांगेत आहेत. फाटकाच्या आत गेल्यावर मात्र रांग बदलते.

ती का बदलते हे कळायला 1965 मध्ये जावं लागतं. तोवर पाकिस्तानलगतच्या सीमेवर मुख्यतः त्या-त्या राज्याचे पोलीस पहारा देत. एप्रिल 1965 मध्ये कच्छच्या रणातल्या सरदार चौकीवर पाकिस्तानी लष्कराने हल्ला केला. तिथे असलेल्या केंद्रीय राखीव पोलिसांच्या मूठभर जवानांनी तो परतवला, पण पोलिसी व्यवस्था अशा हल्ल्याला पुरी पडणार नाही हेही दिसून आलं. 1 डिसेंबर 1965 रोजी बीएसएफ उभं राहिलं आणि त्याचे पहिले महासंचालक झाले आपल्या नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले के. एफ. रुस्तुमजी. ते हाडाचे पोलीस अधिकारी. 1938 मध्ये नोकरीत आले, पुढे पंडित नेहरूंच्या सुरक्षेची जबाबदारी सांभाळली, मग मध्य प्रदेशचे पोलीसप्रमुख म्हणून चंबळच्या दरोडेखोरांशी झुंजले. (‘शोले’तल्या खलनायकाला ज्याचं नाव मिळालं, तो खरा गब्बरसिंग त्यांच्याच कारकिर्दीत, 1959 मध्ये मारला गेला.) दल बांधलं पोलीस अधिकाऱ्याने, पण 1968 चा बीएसएफ कायदा त्याला संघराज्याचं सशस्त्र दल म्हणतो. या कायद्यातली शिस्तही लष्कराच्या वळणाची आहे. जवानाचा गुन्हा दलाच्याच सुरक्षा दल न्यायालयापुढे चालू शकतो आणि पहाऱ्यावर झोप लागली तरी शिक्षा आहे. पाकिस्तानशी सुमारे 3,300 किलोमीटर आणि बांगलादेशाशी 4,096 किलोमीटर एवढी सीमा. तिचा बहुतेक भाग या दलाच्या चौक्यांवर आहे आणि चौकीवर बायकामुलांना नेता येत नाही.

आता कल्पना करा, वाघोलीतल्या एकाच मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट आहेत. एकात लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार, दुसऱ्यात बीएसएफचे निवृत्त इन्स्पेक्टर. 2021 च्या मध्यावर वाघोली पुणे महापालिकेत आली आणि ग्रामपंचायतीची घरपट्टी जाऊन पालिकेचं मिळकतकराचं बिल आलं. राज्य सरकारने 2020 मध्ये माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नी यांना या करातून माफी दिली, ती सुभेदारांसाठी. इन्स्पेक्टरसाहेब व्याख्येत बसत नाहीत, कारण त्यांचं दल गृह मंत्रालयाखाली येतं आणि ‘माजी सैनिक’ ही व्याख्या संरक्षण मंत्रालयाची. सुभेदारांना कागदपत्राची अडचण आली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. त्या कार्यालयाचं दार इन्स्पेक्टरांसाठी नाही. गृह मंत्रालयाने नोव्हेंबर 2012 मध्ये निवृत्त केंद्रीय दलांसाठी वेगळा दर्जा जाहीर केला खरा, पण सवलती द्यायच्या की नाहीत हे राज्यांवर सोडलं. पेन्शनचीही तीच तऱ्हा. 1 जानेवारी 2004 पासून भरती झालेल्यांना नवी पेन्शन योजना लागू झाली, सशस्त्र सेना तेवढ्या वगळल्या. ही दलं सशस्त्रच आहेत, तेव्हा त्यांनाही जुनी पेन्शन हवी, असं दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलं. केंद्र सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि स्थगिती मिळाली. माझं म्हणणं या नोंदींतूनच निघतं. शिस्त लावताना, गोळीसमोर उभं करताना आणि फाटकावर नोकरी देताना राज्यव्यवस्थेने हा माणूस सशस्त्र दलाचा मानलेला आहे. पैसा सोडायची वेळ आली की तोच नागरी कर्मचारी ठरतो.

याला एक जोरदार हरकत आहे आणि ती टाळून चालणार नाही. लष्करातला शिपाई पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. मुलं शाळेत, डोक्यावर कर्ज, हाती पुरा पगार नाही. बीएसएफचा जवान मात्र साठीपर्यंत नोकरीत राहतो. कमांडंटपर्यंतच्या हुद्द्यांना पूर्वी 57 ची मर्यादा होती, ती 2019 मध्ये सर्वांसाठी 60 झाली. मग दोघांना सारखं कसं मोजायचं? हरकत खरी आहे, पण ती सगळ्या सवलतींना लागू होत नाही. सरकारी नोकरीतलं आरक्षण किंवा पुनर्वसनाचं प्रशिक्षण या गोष्टी लवकर निवृत्त होणाऱ्याला दुसरा डाव मांडता यावा म्हणून आहेत. त्या सुभेदारांच्याच राहाव्यात, साठीच्या इन्स्पेक्टरला त्यांची गरज नाही. आरोग्याच्या बाबतीतही फार रड नाही, केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना (सीजीएचएस) पुण्यात आहे. घरपट्टीची माफी, जिल्ह्यात दाद मागायचं ठिकाण, विधवेला मदत यांचा मात्र निवृत्तीच्या वयाशी काहीएक संबंध नाही. त्या जोखमीच्या आणि घरापासून तुटून काढलेल्या वर्षांच्या बदल्यात आहेत, आणि ती वर्षं साठीपर्यंत काढणाऱ्याने उलट जास्तच काढलेली असतात.

वाघोलीत नगर रस्त्यालगत वाघेश्वराचं देऊळ आहे आणि त्याच आवारात पिलाजीराव जाधवराव यांची दगडी समाधी. शाहू महाराज आणि थोरल्या बाजीरावांच्या काळातले हे सरदार. दिवे घाटावरच्या जाधववाडीतली त्यांची गढी आज हॉटेल झाली आहे, समाधी मात्र गावाने देवळाच्या सोबतीने सांभाळली. त्या काळात सरदाराच्या चाकरीचा मोबदला वतन-इनामाच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या चाले. तो काळ परत आणा असं कोणी म्हणणार नाही. वतनदारीने रयतेचं काय केलं हे ठाऊक आहे. मात्र लढवय्या सरदाराच्या या समाधीशी उभं राहिल्यावर सैनिक आणि पोलीस यांतल्या फरकाची दुसरी हरकत आठवतेच. सीमेवरच्या पोलिसाला सैनिक म्हणू लागलो तर त्याच्यातला पोलीस हरवेल, असं काही जाणकार म्हणतात. सीमेवर शेती करणारे आपलेच लोक असतात, गुरं चारायला गेलेला पोर असतो, पोटासाठी तार ओलांडणारी बाई असते. तिथे शत्रू शोधणारी नजर घेऊन उभं राहिलं तर अनर्थ होईल. ही भीती मला रास्त वाटते आणि तिला रुस्तुमजींच्या निवृत्तीनंतरच्या कामातून पुष्टीच मिळते. ते राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य होते. बिहारच्या तुरुंगांत खटल्याविना वर्षानुवर्षं खितपत पडलेले कच्चे कैदी त्यांनी पाहिले आणि जानेवारी 1979 मध्ये ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये त्यावर लिहिलं. ते वाचून वकील कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. हुसैनारा खातून खटल्यात न्यायालयाने विनाविलंब सुनावणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि हजारो कच्चे कैदी सुटले. सीमेचा पहारा उभारणाऱ्या माणसाने निवृत्तीनंतर तुरुंगाची दारं उघडायला लावली, ती त्याच्यातला पोलीस शाबूत होता म्हणून. तेव्हा नाव बदलूच नका, इन्स्पेक्टरसाहेबांना पोलीसच राहू द्या. करमाफीच्या अर्जावर ‘माजी सैनिक’च्या खाली ‘निवृत्त केंद्रीय सशस्त्र पोलीस’ असा आणखी एक रकाना आला, तर त्यांच्यातला पोलीस कुठे जात नाही.

उरली खर्चाची हरकत. आज बीएसएफ, उद्या केंद्रीय राखीव पोलीस, परवा गडचिरोलीत नक्षलवाद्यांशी लढलेले आपले सी-60 चे जवान मागतील, मग पालिकांच्या तिजोरीचं काय? मागू द्यावं आणि प्रत्येकाची मागणी जोखीम आणि घरापासूनचा दुरावा या दोनच कसोट्यांवर तपासावी. काही नापास होतील. सी-60 चे जवान माझ्या मते पहिल्या कसोटीवर सहज उतरतील. पेन्शनचा बोजा मोठा आहे आणि तो वाद दिल्लीत व्हायचा तेव्हा होईल. मिळकतकराची गोष्ट राज्याच्या हातातली आहे. त्यासाठी संसदेची वाट पाहावी लागत नाही की व्याख्येवर दोन मंत्रालयांची बैठक लागत नाही. 2020 च्या निर्णयात एक ओळ वाढवली की झालं. हरियाणाने तर पुढे जाऊन सैनिक आणि निमलष्करी कल्याण असा एकच विभाग केला आहे, दोघांचे अर्ज तिथे एकाच खात्यात जातात.