दुखणं घशाचं, सुई हाताला

ऋतू पालटला की छत्रपती संभाजीनगरातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ठरावीक चिठ्ठ्या येऊ लागतात: सीबीसी, सीआरपी, एएसओ. सोबत तापलेलं पोर आणि ‘एकदाचं रक्त तपासा’ म्हणणारे आईवडील. पॅथॉलॉजिस्टची पंचाईत इथेच होते.

एएसओची तपासणी बघायला मोठी छान. काळ्या काचेवर सिरमचा थेंब, त्यात पांढऱ्या लेटेक्सचा थेंब, काडीने कालवून दोन मिनिटं काच हलवत राहायची. दूध नासल्यासारखे कण दिसले की रिपोर्ट पॉझिटिव्ह.

पण हे कण आजच्या घशाबद्दल बोलतच नाहीत. एएसओ म्हणजे घसा धरणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूच्या विषाविरुद्धची प्रतिपिंडं; ती रक्तात वाढायला आठवडाभर जातो आणि ती सर्वाधिक होतात तीन ते पाच आठवड्यांनी. तोवर घसा बरा होऊन मूल शाळेतही जायला लागलेलं असतं. जंतुशास्त्रज्ञ टॉड यांनी १९३२ साली हे मोजमाप मांडलं, तेव्हा त्यांचा रोख अशा घसादुखीमागून येणाऱ्या संधिवाताच्या तापाकडे होता. चिठ्ठीवरच्या बाकी दोन तपासण्यांचंही तसंच: दाह दाखवणारं सीआरपी आणि सीबीसीतल्या पांढऱ्या पेशी विषाणूनेही वाढू शकतात. सीबीसी अगदीच वाया जात नाही म्हणा. डेंग्यूचा संशय असेल तर प्लेटलेट कळतात.

खरा पुरावा टॉन्सिलवर असतो. जिभेला न लागू देता दोन्ही टॉन्सिल आणि मागची भिंत स्वॅबने घासायची, पोराला उबळ येणारच, आणि तो ब्लड अगारच्या प्लेटवर फिरवून ३७ अंशांना रात्रभर ठेवायचा. रक्त इथेही लागतं, पण मेंढीचं! सकाळी बारीक ठिपक्यांभोवतीचं लाल माध्यम आरपार स्वच्छ झालेलं दिसतं. बॅसिट्रॅसिनच्या चकतीभोवती वाढ थांबली असेल, तर स्ट्रेप्टोकॉकसचा संशय पक्का होत जातो. खोकला, सर्दी, बसलेला आवाज असेल तर बहुधा विषाणूच. मग एवढाही खटाटोप नको.

एएसओ निरुपयोगी मात्र नाही. १९५६ सालच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला, म्हणजे मराठवाड्याच्या ‘घाटी’ला, जे मूल सुजलेले गुडघे आणि धाप, म्हणजे संधिवाताच्या तापाचा संशय, घेऊन येतं, त्याच्या बाबतीत हाच आकडा मोलाचा. घसादुखी महिन्यापूर्वीची, स्वॅबमध्ये जंतू सापडेलच असं नाही, पण रक्तात खूण शिल्लक असते.

तेव्हा घसा कालपासून दुखतोय आणि चिठ्ठीवर एएसओ आहे, तर डॉक्टरांना एवढंच विचारा: स्वॅब घ्यायचा का? घ्यायचा असेल तर अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी.