राहून गेलेली नोंद

लूकच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना वस्त्र विकूनही तलवार घ्यायला सांगतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात तो ती म्यान करायला लावतो. अमेरिकेतील ख्रिस्ती लोकांचा बंदुकीविषयीचा वाद पुष्कळदा या दोन जागांभोवती फिरतो. साहित्य शिकवत असल्याने मला हा संहितेच्या अर्थाचा वाद मोठा रंजक वाटे.

मग टेक्सासमधील सदरलँड स्प्रिंग्जविषयी वाचले. ५ नोव्हेंबर २०१७च्या रविवारी तेथील बाप्टिस्ट चर्चमध्ये, ऐन उपासनेत, गर्भातील बाळासह २६ जीव गेले. हल्लेखोरावर उलट गोळ्या झाडल्या त्या शेजारच्याच एका रहिवाशाने. दोन्ही पक्षांना आपापला दाखला मिळाला.

परंतु त्या हल्लेखोराला २०१२ मध्येच हवाई दलाच्या लष्करी न्यायालयाने कौटुंबिक हिंसाचाराबद्दल दोषी ठरवले होते. कायद्याने त्याला बंदूक विकत घेता येत नव्हती. हवाई दलाने ती शिक्षा एफबीआयला कळवलीच नाही, म्हणून दुकानात त्याला कोणी अडवले नाही.

शस्त्र बाळगावे की नाही, हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेने ठरवावे. ते कोणाच्या हाती पडू नये, हे मात्र अशा एखाद्या कारकुनी नोंदीवर अवलंबून असते. विभागातील कागदांवर न वाचता सही करण्याची माझी जुनी सवय आता मला तितकीशी निरुपद्रवी वाटत नाही.