हे भांडं कुणाचं?

पायथनमध्ये ‘इम्पोर्ट नमपाय’ लिहून दहा लाख आकड्यांची बेरीज केली, तर ती बेरीज पायथन करत नाही. नमपायच्या आत सीमध्ये लिहिलेला, आधीच कंपाइल करून ठेवलेला कोड ती करतो. समीकरणं सोडवायची असतील तर काम आणखी खाली, लॅपॅकपर्यंत जातं. लॅपॅक मुख्यतः फोर्ट्रानमध्ये आहे, आणि फोर्ट्रान ही १९५७ सालची भाषा. वर लिहायला सोपी भाषा, खाली पळणारी भाषा आणि मध्ये एक दुभाषी. या दुभाष्याला बाइंडिंग म्हणतात. गेली दोन वर्षं मी पोटापाण्यासाठी असे दुभाषी बनवते.

दुभाष्याचं काम तसं कंटाळवाणं. पायथनमधला ५ हा नुसता ५ नसतो, मेमरीतली एक डबी असते. डबीवर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: आत कसला माल आहे, आणि या घटकेला तिला किती जण धरून आहेत. धरणारे शून्य झाले की पायथन डबी मोडीत काढतं. बाइंडिंगने डबी उघडायची, आकडा सी++च्या फंक्शनला द्यायचा, आलेलं उत्तर नव्या डबीत भरायचं आणि एरर आली तर ती पायथनला कळेल अशी सांगायची. एका फंक्शनसाठी हाताने वीस-पंचवीस ओळी लिहाव्या लागतात. पुढच्या फंक्शनसाठी जवळपास त्याच.

म्हणून लोकांनी हा कोड लिहिणारा कोड लिहिला. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत भौतिकशास्त्रज्ञांची सिम्युलेशन्स सीमध्ये होती आणि त्यांना ती स्क्रिप्टमधून चालवायची होती. तिथे डेव्हिड बीझली यांनी १९९५मध्ये स्विग बनवायला घेतलं, १९९६मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. हेडर फाइल दिली की स्विग फंक्शनांची नावं आणि प्रकार वाचतं आणि दुभाषी लिहून देतं. २०१५मध्ये वेन्झेल याकोब यांचं पायबाइंड११ आलं. त्यात प्रत्येक फंक्शनसाठी साधारण एक ओळ आपण लिहायची, बाकीचा कोड सी++चा कंपायलरच तयार करतो. त्या एका ओळीचाही कंटाळा असेल, तर क्लँगकडून हेडर वाचून घेऊन ती ओळ लिहिणारी स्क्रिप्ट लिहिता येते. मी तीच लिहिली.

आमची कंपनी यंत्रांच्या भागांचं विश्लेषण करते. किती भार पडला की तडा कुठे जाईल, हा आमचा रोजचा प्रश्न. त्यासाठीची सी++ लायब्ररी एका सरांनी वीस वर्षांपूर्वी सुरू केली आणि बहुतेक एकट्याने वाढवली. नवी मुलं मात्र पायथन लिहितात. सर मार्चअखेर निवृत्त होणार होते आणि त्याआधी ३४० फंक्शनं पायथनमधून चालायला हवी होती. स्क्रिप्टने सगळी बाइंडिंग्ज एका मिनिटाच्या आत तयार केली. ती कंपाइल झाली. चाललीही.

चाचणीच्या आठवड्यात एक मुलगा दोन प्रिंटआउट घेऊन आला. भाग तोच, भार तोच, पण उत्तरं थोडी वेगळी. काही कोसळलं नव्हतं, एररही नव्हती. दोन्ही आकडे दिसायला अगदी शहाणे होते. प्रोग्राम कोसळला तर निदान कळतं तरी. असा आकडा रिपोर्टात जातो आणि रिपोर्टावरून भाग बनतो.

कारण एका ओळीत होतं. त्याने मेश लोड केली आणि लगेच, त्याच ओळीत, तिचे बिंदू मागून घेतले. मेशला स्वतःचं नाव दिलंच नाही. पायथनमध्ये असं सगळेच लिहितात. पण ओळ संपताच पायथनला दिसलं की मेशला कुणीच धरलेलं नाही, आणि त्याने ती मोडीत काढली. हातात उरलेले ‘बिंदू’ म्हणजे मेशच्या मेमरीकडे दाखवणारं नुसतं बोट होतं. त्या जागेत कधी जुनेच आकडे टिकून राहायचे, कधी दुसरं काही येऊन बसायचं.

याच्या उलटंही होतं. फंक्शनने पॉइंटर परत केला की पायबाइंड११, वेगळं काही सांगितलं नाही तर, ती वस्तू आता पायथनची झाली असं धरतं. खाली लायब्ररीही तिला आपलीच समजत असेल, तर एकच वस्तू दोनदा मोडीत निघते.

आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव कोरून घ्यायची पद्धत आहे. घरी कार्य असलं की चार घरची पातेली एकत्र येतात, आणि दुसऱ्या दिवशी नावं बघून ज्याची त्याला परत जातात. हेडर फाइलमध्ये भांड्याचा आकार लिहिलेला असतो, धातू लिहिलेला असतो. नाव कोरलेलं नसतं. आजच्या सी++मध्ये ते कोरता येतं: २०११च्या प्रमाणात युनिक पॉइंटर आला, आणि तो परत आला की जनरेटरला कळतं की वस्तू घेणाऱ्याची. सरांचा बराचसा कोड त्याआधीचा आहे.

मग मी ३४० फंक्शनांची यादी छापली, ‘मालक’ असा रकाना आखला आणि चार दुपारी सरांच्या टेबलाशी बसले.

पहिल्याच दुपारी नियम कळला. नावात ‘क्रिएट’ किंवा ‘क्लोन’ असेल तर वस्तू घेणाऱ्याची, त्यानेच ती मोडायची. ‘गेट’ असेल तर हात लावायचा नाही. ॲपलच्या कोअर फाउंडेशनमध्ये जवळपास हाच नियम आहे, पण तिथे तो लिहून ठेवलेला आहे.

“सर, तुम्ही हे कुठेच का नाही लिहिलं?”

“अगं, वापरणारा मीच होतो.”

तिसऱ्या दुपारी एका ‘गेट’पाशी ते थांबले. “हे नावाला गेट आहे, पण देतं नवीन बनवून. एका ग्राहकासाठी घाईत बदललं होतं. नाव बदललं असतं तर त्यांचा कोड मोडला असता.” अशी आणखी सहा निघाली.

यात सरांना हसण्यासारखं काही नाही. पायथनच्या स्वतःच्या सी एपीआयमध्येही हेच आहे. लिस्टमधली वस्तू ‘पायलिस्ट गेटआयटम’ने मागितली तर ती उसनी मिळते. तीच वस्तू ‘पायसीक्वेन्स गेटआयटम’ने मागितली तर तिच्यावर आपला हक्क लागतो आणि नंतर तो सोडायची जबाबदारीही. दोन्हीकडे शब्द ‘गेटआयटम’च. २०२४च्या ३.१३ आवृत्तीत लिस्टसाठी उसनं न देणारं वेगळं फंक्शन आलं. आता जीआयएलशिवाय अनेक थ्रेड एकाच वेळी चालवायची तयारी चालू आहे, आणि आपण उसनी घेतलेली वस्तू त्याच क्षणी दुसऱ्या थ्रेडने मोडीत काढणं तिथे सहज शक्य आहे.

एका मैत्रिणीने विचारलं, चार दुपारी घालवण्यापेक्षा एआयला का नाही विचारलंस? विचारलं होतं. त्याने नावं वाचून अंदाज केले आणि बहुतेक बरोबर केले. ती सात ‘गेट’ मात्र त्याने ठामपणे उसन्यांत टाकली. नावावरून कुणीही तेच म्हटलं असतं. ग्राहकाची ती घाई कुठल्याच फाइलमध्ये नव्हती, फक्त सरांच्या डोक्यात होती, आणि सर एप्रिलपासून येणार नव्हते.

यादीच्या शेवटी अकरा फंक्शनं उरली. सरांनी कोड उघडून पाहिला, चष्मा काढून पाहिला, आठवेना. त्यांच्यासाठी आम्ही ठरवलं की पायथनला प्रत द्यायची आणि मूळ वस्तूला हात लावायचा नाही. मूळ वस्तू घेणाऱ्याची असेल तर ती पडून राहील आणि थोडी मेमरी गळेल. चुकीच्या आकड्यापेक्षा गळती परवडते.

“त्या अकरांपुढे ‘प्रत’ असं स्पष्ट लिही,” सर म्हणाले. “नाहीतर पुढचा कुणीतरी वेग वाढवायला म्हणून काढून टाकेल.”

आता पायथनमध्ये कुठल्याही फंक्शनची मदत उघडली की पहिली ओळ मालकीची दिसते: तुमची, मेशची, किंवा प्रत. आणि माझी स्क्रिप्ट ‘मालक’ रकाना रिकामा असला की बाइंडिंग तयार करायला नकार देते. मागच्या आठवड्यात ३४१वं फंक्शन आलं. लिहिणाऱ्या मुलाने वैतागून मेसेज केला की एवढ्याशा फंक्शनला हे कशाला. अर्ध्या तासाने रकाना भरलेला होता, आणि खाली त्याने एक ओळ जास्तीची लिहिली होती: का, तेही.